शिळ्या बर्फाची गोष्ट

“नुसता पडून काय राहिलायस? ऊठ!”

हे वाक्य तुमच्या घरी दिवसातून किती वेळा ऐकू येतं? आमच्याकडे मे महिन्यात निदान चार वेळा. पंख्याखाली चटई, चटईवर उताणे आमचे भाचेबुवा आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी माझी ताई. यंदा मात्र भाचेबुवांकडे उत्तर तयार होतं.

“आई, मी नुसता पडलो नाहीये. मी बर्फासारखा पडलोय.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. कारण ही विद्या त्याला शिकवली होती मीच.

त्याचं काय झालं, फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दोघं हिमाचल प्रदेशात सिस्सूला गेलो होतो. मनालीहून निघालं की अटल बोगदा लागतो. नऊ किलोमीटर लांब! २०२० च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बर्फाने बुजली, की पलीकडच्या लाहौल खोऱ्याचा रस्ता महिनोन्‌महिने बंद असायचा. आता इकडून आत शिरायचं, अंताक्षरीची दोन-चार गाणी म्हणायची आणि तिकडून बाहेर पडायचं ते थेट पांढऱ्या जगात. छपरं पांढरी, शेतं पांढरी, दगडी कुंपणांवरसुद्धा पांढऱ्या टोप्या.

भाचेबुवांनी गाडीचं दार उघडलं, धूम ठोकली आणि सिनेमात दाखवतात तशी बर्फात जोरदार बसकण मारली. गादीवर मारावी तशी.

टण्ण!

पुढची दोन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. मग उठले, जागा चोळत माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मावशी, हा बर्फ शिळा आहे.”

मला हसू फुटलं. पण आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, ते आजोबा म्हणाले, पोरगा बरोबर बोलतोय. हा बर्फ पडून आठ दिवस झाले. पोळी शिळी होते, भात शिळा होतो, तसा बर्फही शिळा होतो. आणि आपल्या मराठीत शिळा म्हणजे दगडसुद्धा! ते भाचेबुवांना बसल्या बसल्या कळलं होतं.

ताजा माल

नशीब आमचं, त्याच रात्री नवा बर्फ पडला. सकाळी जाग आली तर गाव एकदम गप्प. कुत्रं भुंकत होतं, पण उशीत तोंड घालून भुंकल्यासारखं. ताज्या बर्फात इतकी भोकं, इतक्या फटी असतात, की बराचसा आवाज त्यात शिरतो आणि तिथेच जिरतो.

अजून बर्फ भुरभुरत होता. मी माझ्या काळ्या कोटाची बाही पुढे केली आणि भाचेबुवांच्या हाती भिंग दिलं. बाहीवर चांदण्या उतरत होत्या. प्रत्येकीला सहा हात, प्रत्येक हाताला बारीक फांद्या, नेच्याच्या पानासारख्या.

“सहाच का? पाच का नाही?”

हाच प्रश्न योहानेस केप्लर या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाला पडला होता आणि १६११ मध्ये त्याने त्यावर एक छोटं पुस्तकच लिहिलं. उत्तर मात्र खूप पुढे मिळालं. पाण्याचे रेणू गोठताना एकमेकांना धरतात ते षटकोनी जाळी करून, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. त्या जाळीवर आणखी रेणू चढत जातात आणि चांदणी वाढते ती सहा दिशांनीच.

पण प्रत्येक हिमकण चांदणीच असतो असं नाही. ढगातली थंडी उणे ५ अंशांच्या आसपास असेल तर बारीक सुया तयार होतात. उणे १५ च्या आसपास चांदण्या. जपानमधल्या होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत जगातला पहिला कृत्रिम हिमकण वाढवला. कशावर, सांगा पाहू? सशाच्या एका केसावर! मग त्यांनी थंडी आणि दमटपणा कमी-जास्त करून कोणत्या हवेत कोणता आकार बनतो, याचा तक्ताच मांडला. तेव्हापासून खाली पडलेला कण पाहून वर ढगात काय चाललं होतं, हे सांगता येऊ लागलं.

आणि हे सगळं पांढरंशुभ्र का? बर्फाच्या गोळ्याची गाडी आठवा. लादी असते काचेसारखी पारदर्शक. गोळेवाल्याने ती किसली की चुरा पांढरा. रंग कुणी ओतला? कुणीच नाही. लहान लहान कणांच्या हजारो कडांवरून उजेड इकडून तिकडे उसळतो आणि सगळे रंग मिसळून परत येतो. सगळे रंग मिसळले की पांढरा.

आम्ही डब्याचा अर्ध्या लिटरचा कप्पा ताज्या बर्फाने भरला, न दाबता, आणि चुलीजवळ ठेवला. वितळल्यावर उरलं किती? चहाचे सात-आठ चमचे पाणी! बाकी सगळी हवा. ताजा बर्फ म्हणजे ज्वारीच्या लाह्या. दिसतात परातभर, दाणे मूठभर.

कापूर उडतो तसा

आता खरी गंमत. समजा ढग आहेत, थंडी कडाक्याची आहे, एक थेंबही वितळत नाहीये. तरी बर्फ बदलत राहतो. कसा?

देवघरातली कापराची डबी उघडी राहिली तर काय होतं? काही दिवसांत वड्या बारीक होतात. ओघळ नाही, डाग नाही. घन कापूर पाणी न होता थेट हवेत उडाला. विज्ञानाच्या पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. बर्फही हेच करतो. फक्त तो उडतो आणि शेजारच्याच कणावर जाऊन पुन्हा बसतो.

चांदणीच्या टोकावरच्या रेणूंची एक अडचण असते. त्यांना धरून ठेवायला शेजारी कमी. साखळी करून उभ्या मुलांमध्ये शेवटच्या मुलाचा एकच हात धरलेला असतो ना, तसं. म्हणून टोकावरचे रेणू आधी सुटतात. सुटून जातात कुठे? जिथे चहूबाजूंनी शेजारी आहेत अशा खाचेत. टोकं झिजतात, खाचा भरतात. आज बाहीवर दिसलेल्या चांदणीचा चार दिवसांत गोलसर रवा होतो! लाह्यांचा ढीग खाली बसतो, थराची उंची कमी होते आणि वजन मात्र तितकंच राहतं. आदल्या दिवशीच्या शिळ्या बर्फाने तोच कप्पा भरून आम्ही वितळवला, तर कप्प्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी मिळालं.

“पण एवढ्या थंडीत त्याला हलायला जोर कुठून येतो?” भाचेबुवांनी विचारलं. नाक लाल झालं होतं बिचाऱ्याचं.

थंडी आपल्याला! बर्फाला नाही. बर्फ शून्य अंशाला वितळतो. म्हणजे उणे १० अंशांवर तो वितळण्यापासून फक्त दहा पायऱ्या दूर असतो. जगात जास्तीत जास्त थंडी उणे २७३ अंशांची. त्या तळापासून जिना चढत आलो, तर उणे १० वरच्या बर्फाने वितळण्यापर्यंतच्या दर १०० पायऱ्यांमधल्या ९६ चढून टाकल्यात. लोखंडाला त्याच्या वितळण्याच्या इतकं जवळ न्यायचं तर १,४०० अंशांच्याही पुढे तापवावं लागेल. लोहाराच्या भट्टीतलं रसरशीत लोखंड वाकतं, जोडलं जातं, आकार बदलतं. बर्फाचं तसंच. आपण त्याला हातमोजे घालून धरतो, पण त्याच्या हिशेबाने तो भट्टीतच असतो.

लाडू वळता येतो का?

सकाळी भाचेबुवांनी मला मारायला बर्फाचा गोळा वळायला घेतला. वळेचना. कोरडा रवा तूप न घालता वळावा तसा भुरुभुरू सुटायचा. (देव आहे, असं मी मनात म्हटलं.) दुपारी ऊन आलं, बर्फ शून्य अंशाच्या जवळ पोचला आणि पहिलाच लाडू असा झकास वळला, की माझ्या टोपीचा निकाल लागला.

एका दाण्याला दुसरा दाणा टेकला की दोघांच्या मध्ये एक चिंचोळी खाच तयार होते. खाच म्हटली की रेणू तिथे येऊन बसणारच. हळूहळू तिथे बर्फाचा इवलासा पूल बांधला जातो. वितळण्याच्या जवळ असताना हे काम फार झपाट्याने होतं. मायकेल फॅरेडे, हो, विजेचे शोध लावणारे तेच, त्यांनी १८५० मध्ये दाखवलं होतं, की बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी ते चिकटतात.

आठ दिवसांच्या बर्फात असे कोट्यवधी पूल बांधून झालेले असतात. भाचेबुवा बसले होते ते या पुलांवर. आणि फार थंडीत बर्फावरून चालताना बुटाखाली ‘करर्र करर्र’ वाजतं ना, ते हेच पूल मोडण्याचा आवाज.

*करून पाहा:* गोळेवाल्याकडून सरबत न घातलेला किस आणा. वाटीत सैलसर भरा, न दाबता, आणि चटकन फ्रीझरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चमचा घालून पाहा. घरात जुना आइस्क्रीमचा डबा असेल तर तोही उघडा. वर टोचरे बर्फाचे खडे दिसतील. आइस्क्रीमही शिळं होताना तेच करतं, बारीक कण मोडून मोठे कण वाढवतं. (खाऊन पाहायला हरकत नाही, पण आधी विचारा.)

बटाट्याच्या शेतातला खड्डा

तिसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ झालं. घरामागे बटाट्याचं सपाट शेत होतं, अर्थात बर्फाखाली. आम्ही आजोबांकडून फावडं मागितलं आणि खणायला लागलो. खजिना शोधताय का, असं आजोबांनी विचारलं. तसंच काहीसं होतं.

खड्डा भाचेबुवांच्या छातीपर्यंत गेला तेव्हा फावडं मातीला लागलं. एक भिंत उभी तासून घेतली. आणि पाहतो तर काय, खवय्या माणसाला कापलेला केक दिसावा तसे थरावर थर! बर्फाचे अभ्यासक असाच खड्डा खणतात आणि कोणता थर किती घट्ट हे पाहायला त्यांची पट्टी असते ती म्हणजे स्वतःचा हात. मोजे घालून हलकेच दाबायचं. मूठ आत गेली तर थर अगदी मऊ. मूठ जात नसेल तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल आणि पेन्सिलही जात नसेल तर सुरी.

सगळ्यात वर कालचा-परवाचा बर्फ. मूठ सहज आत. त्याखाली कागदासारखा पातळ, चकचकीत पापुद्रा. तिथे पेन्सिलच चालली. कधीतरी उन्हाने वितळून रात्री गोठलेला तो थर. त्याखाली हातभर जाड, घट्ट, रवाळ थर. एक बोट जेमतेम गेलं. हाच तो भाचेबुवांचा शिळा बर्फ.

आणि अगदी तळाशी? भाचेबुवांनी बोट लावलं मात्र, भिंतीतून खडे घरंगळायला लागले. सरसर, सरसर.

“मावशी, इथे कुणी साखर सांडलीय!”

खरंच साखर. तळहातावर घेऊन भिंगातून पाहिली. कोन होते, सपाट चकचकीत बाजू होत्या, काही खडे तर पेल्यासारखे पोकळ आणि अंगावर पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा. लाडू वळायला गेलो तर एक दाणा दुसऱ्याला धरेना. वरच्या बर्फापेक्षा हा जुना, मग हा जास्त घट्ट असायला हवा की नको?

उत्तर सापडलं थर्मामीटरमध्ये. (ताप बघायचा नव्हे, प्रयोगशाळेत असतो तो.) सकाळी सात वाजता बर्फाच्या माथ्यावर उणे ११ अंश. मध्यावर उणे ५. आणि तळाशी मातीजवळ फक्त उणे १! जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते आणि हवेने भरलेला बर्फ तिच्यावर गोधडीचं काम करतो. तेव्हा तळ उबदार, माथा गारठलेला.

आता आमटीचं पातेलं आठवा. झाकण उचललं की आतून पाण्याचे थेंब लोंबत असतात. खालची ऊन वाफ वरच्या थंड झाकणाला धरली. बर्फातही तळाची वाफ वर निघते आणि वाटेतल्या प्रत्येक दाण्याच्या पोटाला चिकटते. दाण्याच्या पाठीवरचे रेणू मात्र उडून पुढे जातात. दाणा खालून वाढतो, वरून झिजतो. वाफेची ही वरात जोरात निघाली, की पूल बांधायला कुणाला सवड नसते. गोलसर रव्याऐवजी टोकदार साखर तयार होते. साधारण १० सेंटिमीटर जाडीत तापमान एका अंशाहून जास्त बदललं, की हा उद्योग सुरू होतो.

म्हणजे पडलेल्या बर्फापुढे रोज एकच प्रश्न: रवा व्हायचं की साखर? थर जाड आणि थंडी बेताची असेल तर रवा. थर पातळ आणि वर कडाक्याची थंडी असेल तर साखर. पहिला बर्फ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थोडासाच पडतो, आभाळ निरभ्र राहतं, रात्री गारठतात. म्हणून साखर बहुतेक वेळा तळाशीच सापडते. आमच्या खड्ड्याच्या भिंतीवर त्या हिवाळ्याची अशी रोजनिशी लिहिलेली होती.

साखरेवरचा डोंगर

सपाट शेतात साखर असली म्हणून बिघडलं काहीच नाही. पण हीच साखर उताराच्या पोटात असेल तर? वर घट्ट, जाड थर आणि खाली सुटे खडे. मग नव्या बर्फाचं ओझं, नाहीतर एखाद्या माणसाच्या पावलाचं वजनही पुरतं. साखर कोसळते आणि तिच्यावरची लादीच्या लादी सुटते. हे हिमस्खलन. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सरकत नाही आणि फार उभ्या कड्यावर तो मुळात साठतच नाही.

आपल्या सैनिकांना अशा डोंगरांत बारा महिने राहावं लागतं. म्हणून संरक्षण खात्याच्या डीआरडीओने बर्फ आणि हिमस्खलनांच्या अभ्यासासाठी मनालीत १९६९ मध्येच संस्था सुरू केली. तिथले शास्त्रज्ञ खड्डे खणतात, थर तपासतात, हवामान पाहतात आणि कोणता उतार धोक्याचा आहे याचा इशारा देतात. बर्फात गेलात तर उभ्या उताराखाली खेळायचं नाही, हे मात्र आत्ताच कानाला खडा लावून ठेवा.

*करून पाहा:* पाटावर साखरेचा पातळ थर पसरा. त्यावर कणकेच्या पिठाचा बोटभर थर चाळणीने चाळा आणि तळव्याने हलकेच दाबा. आता पाटाची एक बाजू सावकाश उचला. पीठ भुरभुरत येतं की तुकड्यांनी सरकतं? मग साखरेशिवाय, नुसतं पीठ घेऊन पाहा. (पाटाखाली वर्तमानपत्र पसरा. नाहीतर दुसरं स्खलन स्वयंपाकघरातून येईल.)

उन्हं चढली की

मार्च-एप्रिल आला की नवा खेळ. दुपारी वरचा बर्फ थोडा वितळतो, दाण्यांभोवती पाणी फिरतं. बारीक दाणे आधी विरघळतात आणि ते पाणी मोठ्या दाण्यांवर गोठतं. रात्री सगळं कडक, दुपारी पुन्हा सैल. असं आठ-पंधरा दिवस चाललं, की रव्याचा साबुदाणा होतो.

आणि इथे एक खोडी आहे. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के परत पाठवतो. म्हणून तर तिथे काळा चष्मा लागतो. पण दाणे मोठे झाले, की ऊन परत फिरण्याआधी आत खोलवर शिरतं आणि त्यातलं काही आतच राहतं. शिळा, ओलसर बर्फ जेमतेम ५०-६० टक्के ऊन परत पाठवतो. बाकीच्या उन्हाने तो आणखी तापतो, दाणे आणखी मोठे होतात, तो आणखी ऊन पितो. त्यात वाळवंटातून उडत आलेली धूळ आणि चुली, गाड्या, वणवे यांची काजळी वर बसली तर विचारूच नका. मे महिन्यात काळा शर्ट घालून मैदानात उभं राहिल्यासारखं.

गेल्या वर्षीचा बर्फ

सिस्सूसारख्या गावातला बर्फ उन्हाळ्यात वितळून जातो. पण उंच डोंगरांवर उन्हाळाही थंडच. तिथे यंदाचा बर्फ संपायच्या आत पुढचा येऊन वर बसतो. एक उन्हाळा पचवलेल्या बर्फाला शास्त्रज्ञ ‘फिर्न’ म्हणतात. हा जर्मन शब्द आणि त्याचा अर्थच मुळी ‘गेल्या वर्षीचा’. आपण नाही का जुना तांदूळ म्हणत, तसा!

वरून ओझं वाढत जातं, दाणे दाबले जातात, मधली हवा बाहेर पडते. एक दिवस असा येतो, की उरलेल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि ती बुडबुडे होऊन आत अडकते. आता तो बर्फ खरोखरची शिळा झाला. आपल्याच वजनाने उतारावरून इंच इंच सरकू लागला की ती हिमनदी. जिथे वितळलेलं पाणी मदतीला असतं तिथे हे काही वर्षांत होतं. अंटार्क्टिकाच्या मध्यावर, जिथे वितळणं माहीतच नाही, तिथे हजारो वर्षं लागतात.

त्या बुडबुड्यांची गोष्ट ऐका. १९६५ मध्ये क्लोद लोरिउस नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ अंटार्क्टिकात होते. त्यांनी हिमनदीच्या बर्फाचे तुकडे पेल्यात टाकले आणि ते विरघळताना चुर्र करत बुडबुडे निघाले. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: ही तर हजारो वर्षांपूर्वीची हवा! पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकात तीन किलोमीटरहून खोल छिद्रं पाडून बर्फाच्या कांड्या बाहेर काढल्या आणि ८ लाख वर्षांची हवा तपासली. तेवढ्या काळात हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३०० हून जास्त रेणू कधी नव्हते. आज ४२० हून जास्त आहेत. ती भर आपण जाळलेल्या कोळशाची, पेट्रोल-डिझेलची. तीच पृथ्वी तापवते आहे.

अशा कांड्या पाहायला अंटार्क्टिकालाच जायला हवं असं नाही. गोव्यात वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. बाहेर नारळाची झाडं, घामाच्या धारा आणि आत उणे २० अंशांच्या आसपास थंड ठेवलेल्या खोल्यांत अंटार्क्टिकाचा बर्फ! याच संस्थेचे शास्त्रज्ञ हिमाचलातही जातात. तिथे ४,००० मीटरहून उंचावर त्यांनी २०१६ मध्ये ‘हिमांश’ नावाचं केंद्र उभारलं. ते कोणत्या नदीच्या खोऱ्यातल्या हिमनद्या मोजतात, ठाऊक आहे? चंद्रा नदीच्या. सिस्सूच्या पायथ्याशी वाहते तीच.

दोन चंद्रभागा

निघायच्या दिवशी आजोबांनी खालच्या नदीकडे बोट दाखवून सांगितलं, ही चंद्रा. पुढे तांदीला हिला भागा नदी मिळते आणि दोघींची मिळून होते चंद्रभागा.

“पंढरपूरची?” भाचेबुवा उडालेच.

नाही रे! पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमा. भीमाशंकरला उगम पावते, पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे तिचं नाव चंद्रभागा. लाहौलची चंद्रभागा पुढे होते चिनाब. नाव एक, पण स्वभाव वेगळे. आपली चंद्रभागा पावसावर जगते. आषाढात दुथडी आणि उन्हाळ्यात वाळवंट. पाऊस पडतो तसा धावत सुटतो, थांबतच नाही. त्याला थांबवून ठेवायला आपल्याला पंढरपूरच्या वरच्या बाजूला उजनीचं एवढं मोठं धरण बांधावं लागलं.

मग तिकडच्या चंद्रभागेचं धरण कोणी बांधलं?

भाचेबुवांनी डोंगरांकडे पाहिलं. शेतांकडे, छपरांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “हा पडून राहिलाय ना, हेच धरण?”

हेच! हिवाळ्यात पडलेलं पाणी बर्फ होऊन डोंगरावर पडून राहतं आणि वसंतात, उन्हाळ्यात, शेतं तहानलेली असताना थोडं थोडं खाली उतरतं. पाऊस धावतो, बर्फ थांबतो. पडून राहणं हेच त्याचं काम. आता हवा तापली की काय होतं, ते तुम्हीच सांगा. काही ठिकाणी बर्फाऐवजी पाऊसच पडतो आणि वाहून जातो. पडलेला बर्फ लवकर साबुदाणा होतो, लवकर ऊन प्यायला लागतो, धरणाचे दरवाजे वेळेआधीच उघडतात. मग ऐन गरजेच्या वेळी पाणी कमी. तेव्हा मोडावी लागते ती जुनी मुदत ठेव, म्हणजे हिमनद्या. आणि ही ठेवही घटते आहे. हिमालय आणि शेजारच्या पर्वतांचा अभ्यास करणाऱ्या ‘इसिमॉड’ या काठमांडूच्या संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं, की २०११ ते २०२० या काळात इथल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने वितळल्या.

तर असं हे प्रकरण होतं. ते सगळं ऐकून झाल्यावर ताई चटईजवळ बसली आणि म्हणाली, “बरं, मग तू बसला होतास तो बर्फ आत्ता कुठे आहे?”

भाचेबुवा छताकडे बघत हिशेब करायला लागले. “मे महिना आहे. सिस्सूचा बर्फ वितळला असणार. चंद्रेतून तांदीला गेला असेल. मग चिनाब, मग सिंधू, मग…” ते एकदम ताठ बसले. “मावशी, सिंधू अरबी समुद्राला मिळते ना? म्हणजे तो आपल्याच समुद्राकडे यायला निघालाय?”

“निघालाय खरा,” मी म्हटलं. “वाटेत शेतांनी पिऊन टाकला नाही तर.”

“म्हणजे तोसुद्धा उठला.”

ताई काही बोलली नाही. नुसती चटईकडे बघत राहिली. भाचेबुवांनी एक मोठा सुस्कारा सोडला, उठले, चटई गुंडाळली आणि थेट स्वयंपाकघरात गेले. फ्रीझरमधून काल ठेवलेली गोळ्याच्या किसाची वाटी काढली आणि चमचा मारून पाहिला.

टण्ण!